भजन मंडळाच्या रेकॉर्डिंगले ओम्नी कंडेन्सरची जोडी घेऊ का? सभामंडप टिनाचा आहे

बांधीवाला

नमस्कार मंडळी, नागभीड तालुक्यातून लिहून राह्यलो. आमच्या गावच्या भजन मंडळाचं रेकॉर्डिंग करून ठेवायचं आहे. यूट्यूबवर टाकून व्ह्यू कमवाचे असं काही नाही, टाकलं तरी कोन पाह्यते, पण मंडळात जुनी खंजिरीवाली माणसं आहेत, त्यायचा गळा आहे तोवर एकदा चांगल्या क्वालिटीत धरून ठेवू असं डोक्यात आहे. पंधरा-सोळा जण असतात, दोन खंजिऱ्या, एक हार्मोनियम, ढोलक, चार-पाच जोड टाळ आन बाकीचे मागं धरणारे. बसतात मंदिराच्या सभामंडपात, तीन बाजूनं विटाच्या भिंती, एक बाजू खुली, वर टिन.

माझ्याकडं झूम एच5 रेकॉर्डर आहे, लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्रानं जुना देला स्वस्तात. त्याच्या डोक्यावरच्या एक्सवाय माईकनं, म्हंजे एकमेकाले चिकटून तिरपे बसवलेल्या दोन माईकनं, दोन गुरुवार रेकॉर्ड करून पाह्यलं. शब्द साफ येतात पण ढोलकाची घुम येतच नाही, आन ऐकाले असं वाटते का सगळेच्या सगळे एकमेकाच्या मांडीवर बसून गाऊन राह्यले. मंडपात बसून जे कानाले लागते ते त्याच्यात नाही.

वाचलं का मोठे ऑर्केस्ट्रा दोन-तीन ओम्नी, म्हंजे चारी बाजूचं सारखं ऐकणाऱ्या, माईकवर रेकॉर्ड करतात, एकेका वाद्याले माईक लावत नाहीत. मंग आपल्या मंडळालेही तेच जमन का? का ओम्नी लावला तं टिनाचा घणघणाट, बाहेरचं ट्रॅक्टर, सगळंच येईन? बजेट जास्त नाही, बेहरिंगर बी-5 ची जोडी पाहून राह्यलो, आन एका ठिकाणी प्रायमो ईएम272 कॅपसूलचे (कॅपसूल म्हंजे माईकचा आवाज धरणारा तुकडा) छोटे माईक दिसले, तेही ओम्नीच. हिवाळ्यात घोडाझरीच्या तलावावर सकाळचा आवाजही घ्याचा आहे, एकाच खरेदीत दोन्ही झालं तं बरं. जाणकारायनं सांगावं.

वडसा_साउंड

भाऊ, मी झाडीपट्टीच्या नाटकाले साउंड लावतो, तिथं रेकॉर्डिंगचं काम कमी आन माईक-भोंग्यानं शिट्टी मारू नये म्हून धडपड जास्त, पण हौस म्हून दंडारी, भजनं बरीच रेकॉर्ड केली आहेत.

तुमचा ढोलक काहून येत नाही ते आधी सांगतो. एक्सवायचे दोन्ही माईक कार्डिऑइड आहेत, म्हंजे समोरचं जास्त आन मागचं कमी ऐकणारे. कार्डिऑइडच्या पडद्याले मागूनही हवा लागते, पुढचा दाब आन मागचा दाब यातला जो फरक पडते त्याच्यावर तो चालते. खालच्या सुराची लाट लय लांब, 50 हर्ट्झची जवळपास सात मीटर, तेवढ्या लांब लाटेत माईकच्या पुढं आन मागं दाब जवळजवळ सारखाच, म्हून माईक दूर ठेवला का बास गळून जाते. जवळ आणला तं उलटं होते, बास फुगते, निवेदक माईक तोंडाले चिकटवून बोलते तेव्हा आवाज कसा भारदस्त होते, तोच प्रकार. ओम्नीची मागची बाजू बंद असते. तो त्या एका जागेचा दाब मोजते, बस. म्हून दोन मीटरवरूनही ढोलक ढोलकासारखा येते, आन जवळ नेला तरी आवाज फुगत नाही.

आता तुमची भीती. हाव, ओम्नी टिन ऐकन, भिंती ऐकन, ट्रॅक्टर ऐकन. सगळा खेळ अंतराचा आहे. प्रत्येक मंडपात गाणाऱ्यापासून एक अंतर असते जिथं सरळ येणारा आवाज आन भिंतीवरून फिरून येणारा घुमारा बरोबरीत येतात. कार्डिऑइड पावणेदोन पट दूर ठेवला तरी तेवढाच घुमारा धरते, म्हून ओम्नी लावाल तं आता ठेवता त्याच्याहून पुढं सरका. जागा शोधाची तं एक कान बोटानं बंद करा आन मंडळ गाऊन राह्यलं असताना हळूहळू पुढं-मागं फिरा. दोन कान उघडे असले का डोकं घुमारा आपोआप बाजूले काढते, एक बंद केला का बरचसं माईकसारखं ऐकू येते. जिथं शब्दही साफ आन मंडपही जाणवते तिथं स्टँड उभा करा. माझ्या अंदाजानं पहिल्या ओळीपासून दीड-दोन मीटर, आन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दोन-अडीच हात.

दोन माईकमध्ये 40 ते 50 सेंटीमीटर ठेवा, सरळ समांतर. आवाज सेकंदाले 340 मीटर पळते, म्हंजे अर्धा मीटर जाले दीड मिलिसेकंद. पार डावीकडचा टाळ डाव्या माईकमध्ये एवढ्याशा वेळानं आधी पोचते आन कानाले तेवढं पुरते, लगेच समजते का हा डावीकडचा आहे. मीटरभर दूर दूर ठेवू नका, मंग मधातले लोक गायब होतात.

आन मंडळाची बसक बदला. आपल्याइकडं दोन ओळी आमनेसामने बसतात, ओम्नीले ते चालते पण ऐकणाऱ्याले कोन कुठं काही समजत नाही. घोड्याच्या नालीसारखं बसवा, तोंड माईककडं, हार्मोनियम मधात, ढोलक थोडा बाजूले, खंजिऱ्या दोन टोकाले, टाळ मागच्या रांगेत. टाळ पुढं बसवले का दुसरं काहीच ऐकू येणार नाही, हे लिहून ठेवा.

टिनाचं म्हणाल तं घुमाऱ्यापेक्षा जास्त तरास ढिल्या बोल्टाचा असते. ढोलकाच्या एका ठराविक थापेलेच टिन कुठंतरी झिर्र करते आन रेकॉर्डिंगमध्ये ते निघता निघत नाही. एकाले ढोलकावर नुसता डग्गा वाजवाले बसवा, तुम्ही बांबू घेऊन टिनाले एकेका जागी खालून दाबत चला. जिथं दाबल्यावर झिर्र थांबली तिथला जे-हुक ढिला आहे नाहीतं वॉशर गेलं आहे. ते आधी कसा, माईक नंतर घ्या. मागच्या भिंतीवर गोधड्या, सतरंज्या लटकवल्या तं घणघणाट कमी होईन. ताडपत्रीचा काही उपयोग नाही, ती आवाज खातच नाही.

भोंगा बंद पाह्यजे हे तं सांगाले नको.

खारपाणपट्टा

राजेहो, वडसावाल्या भाऊनं सांगतलं ते बरोबर हाय पन मले वाटते तुमी त्याले उगाच ओम्नीच्या नादी लावून राह्यले. ऑर्केस्ट्रावाले ओम्नी लावतात कारन त्यायच्याजवळ हॉल असते, आवाजासाठीच बांधेल, खुर्च्यासुद्धा मोजूनमापून. आपल्याजवळ काय हाय? एक बाजू खुली, तिकडून कुत्रं, मोटारसायकल, आन भजन रंगात आलं का हमखास कोनाचातरी फोन वाजते.

आमच्या गावच्या सप्त्यात म्या एका पोराले ओम्नीची जोडी लावाले सांगतलं होतं, मंडप उघड्यावर, चारी बाजूनं मोकळा. कीर्तन आलं, मृदंग आला, आन त्याच्यासंगं मागच्या जनरेटरची घरघर, कूलरचं पानी, बाया पोळ्या लाटत होत्या त्यायच्या गप्पा, सगळं एकाच मापात. उघड्यावर घुमारा नसतेच बाप्पा, ओम्नीचा जो खरा फायदा, जागेचा आवाज धरनं, तो तिथं कायले पाह्यजे? जागेचा आवाजच जनरेटर हाय.

म्हून माह्यं म्हननं असं का कार्डिऑइड घ्या आन ओआरटीएफ करा. फ्रेंच रेडिओवाल्यायची पद्धत हाय, दोन माईकच्या तोंडात 17 सेंटीमीटर आन मधला कोन 110 अंश. मागचा आवाज बराच कमी होते, पसारा एक्सवायहून लय चांगला येते. तुमच्या एच5 चे माईक जागेवर पक्के बसवेल हायेत, त्यायले फिरवता येत नाही, म्हून तुमाले सगळे चिपकून बसल्यावानी वाटते.

बी-5 घेत असान तं एक फायदा, त्याच्यासंगं दोन कॅपसूल येतात, एक कार्डिऑइड एक ओम्नी. मंजे भांडन मिटलं, दोन्ही लावून पाहा. फक्त दोन माईक घेतले का त्यायची जोडी जुळते का हे घरीच तपासा. ओम्नी कॅपसूल लावा, दोन्ही माईक एकमेकाले चिकटवून ठेवा, समोर कोनी तरी बोलाले बसवा, रेकॉर्ड करा. मंग कॉम्प्युटरवर एका ट्रॅकची फेज उलटी करून, मंजे त्याची लाट खालीवर पालटून, दोन्ही मिळवा. जुळेल असले तं आवाज जवळजवळ गायब होते. जेवढा उरला तेवढा दोघायत फरक. लेव्हलचा फरक असन तं फेडर थोडासा वरखाली करून जाते, पन नुसती बास उरली किंवा नुसती किणकिण उरली तं दुकानदाराले वापस करा.

ईसीएम8000 स्वस्त दिसते म्हून कोनी सांगन, तो बी ओम्नी हाय, पन तो स्पीकर-खोली मोजाचा माईक. शांत जागी त्याची सरसर ऐकू येते. तलावावर तं न्याच नका.

पाणकावळा

ताई आहे मी, नवेगावबांधची, भजनाचं मला कळत नाही, पण तलावाच्या प्रश्नाचं सांगते.

रानातल्या आवाजासाठी सगळ्यात आधी माईकची स्वतःची सरसर पाहायची. ढोलक-खंजिरीसमोर माईकची सरसर किती आहे याने काही फरक पडत नाही, तेवढ्या आवाजात ती बुडून जाते. पहाटे पाच वाजता धुकं आहे, वारा नाही, लांब कुठे टिटवी ओरडते, तेव्हा मात्र ती सरसर पावसासारखी ऐकू येते. ईएम272 ची सरसर 14 डीबीच्या आसपास आहे, इतक्या लहानशा कॅपसूलच्या मानाने फारच कमी. शिवाय त्याचा सिग्नल जोरात येतो, म्हणून तुमच्या एच5 सारख्या रेकॉर्डरच्या प्रीअँपचा, म्हणजे माईकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, आवाजही झाकला जातो. एच5 च्या एक्सवाय तुकड्यावर साडेतीन मिलिमीटरची जॅक आहे ना, तिथे प्लग-इन पॉवर, म्हणजे छोट्या माईकला लागणारी थोडीशी वीज, मिळते, मेनूत चालू करावी लागते. हे माईक थेट लागतात, मोठ्या माईकांना वायरमधून द्यावी लागणारी 48 व्होल्ट फँटम वीज नको, बॅटरीही वाचते. उलट बाजू अशी की मोठा आवाज ते फार सहन करत नाहीत, खंजिरीच्या अगदी जवळ ठेवले तर आवाज कॅपसूलमध्येच फाटेल, मग रेकॉर्डरचा गेन (आवाज किती वाढवायचा ते) कितीही कमी करा, उपयोग नाही. दोन मीटरवर चालून जावं.

मी स्टँड नेतच नाही. मोहाचं नाहीतर अर्जुनाचं चांगलं जाड खोड पाहते, दोन माईक खोडाच्या दोन बाजूंना इलॅस्टिकने बांधते, तोंडं किंचित पुढे. मधलं खोड डोक्याचं काम करतं, डावीकडचं डावीकडे राहतं, आणि हेडफोनवर ऐकलं तर पाखरं खरोखर आजूबाजूला वाटतात. वाऱ्याला ओम्नी कार्डिऑइडइतका घाबरत नाही, पण केसाळ कापडाची टोपी लागतेच, नुसता काळा फोम तलावाच्या वाऱ्यात पुरत नाही.

दव फार वाईट. कंडेन्सर माईकच्या आत ओल गेली की फट-फट सुरू होते आणि ते रेकॉर्डिंग फुकट जातं. रात्रभर माईक बाहेर ठेवायचे तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल घालून नेते आणि लावायच्या वेळेलाच काढते. परत आणले की आधी फडक्यात गुंडाळून कोरडे करते, मग डब्यात. सेनहायझरचे एमकेएच माईक ओलीला दाद देत नाहीत, त्यांचं सर्किटच वेगळं असतं, कॅपसूल रेडिओ वारंवारतेवर चालतं. एमकेएच 20 ओम्नी आहे, सरसर 10 डीबी, पण त्याच्या किमतीत आमच्याकडे म्हैस येते, त्यामुळे तो विषय सोडा.

सारसाची जोडी धानाच्या बांधीत दिसली तर माईक लांबूनच लावा. त्यांचा आवाज खूप दूरवर जातो, जवळ जायची गरजच नाही, आणि घरटं कुठे आहे ते नेटवर लिहू नका. जंगलाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी आधी.

आणि भजनवाल्या दादा, गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात 4 वाजून 58 मिनिटांनी मौन असतं ना, तेव्हा एकदा चांगली ओम्नीची जोडी घेऊन जाण्याची माझी फार इच्छा आहे. एवढे लोक एकाच वेळी गप्प उभे, तो आवाज कार्डिऑइडमध्ये येणारच नाही, कारण तो कुठल्या एका बाजूने येतच नाही.

बांधीवाला

बापरे, एवढं सगळं. सगळ्यायले धन्यवाद. बांबूनं टिन दाबून पाह्यलं, दोन हुक पार खिळखिळे निघाले, तेच झिर्र करत होते, इतके दिवस आम्ही खंजिरीची झांज फुटली समजून राह्यलो होतो.

दोन शंका राह्यल्या. एक, मंडळाचे लोक ऐकणार कशावर, मोबाईलवर, त्याचा बी एकच स्पीकर चालते. असा दूर दूर ठेवलेला स्टिरिओ मोनोत ऐकला तं बिघडते म्हणतात, खरं काय? दुसरं, ऑर्केस्ट्रावाले तीन माईक लावतात त्याले काय म्हणतात ते झाड का काय, ते आपल्याले लागन का?

हिंगणघाटचा_पुण्यात

मोनोचं खरं आहे. एबी जोडीत, म्हणजे अंतर ठेवून समांतर लावलेल्या दोन माईकमध्ये, एकच टाळ दोन माईकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोचतो, दोन्ही एकत्र केले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात, टाळ-खंजिरीची चमक पोकळ वाटते. भजनात ते फार जाणवत नाही, कारण लोक बसल्या जागी हलत असतात, ठोके सगळीकडून येतात, पण हार्मोनियमचा लांब धरलेला सूर मात्र मोनोत विचित्र होऊ शकतो. सगळ्यात सोपा उपाय, मोबाईलसाठी वेगळी फाईल काढायची, त्यात फक्त एकाच माईकचा ट्रॅक दोन्ही बाजूंना. एकट्या ओम्नीचं रेकॉर्डिंग मोनो म्हणून उत्तम असतं, कोणी सांगत नाही पण खरं आहे.

दुसरा उपाय थोडा हाताचा. स्विस रेडिओच्या युर्ग येकलिन यांनी दोन ओम्नींच्या मधे एक गोल तबकडी उभी करायची पद्धत काढली. मूळ मापं अशी, तबकडी 30 सेंटीमीटरची, दोन माईक एकमेकांपासून 16.5 सेंटीमीटर. नंतर त्यांनीच बदललं, तबकडी 35 ची आणि माईक 36 सेंटीमीटरवर. तबकडी आवाज अडवते, म्हणून वरचे सूर डावे-उजवे वेगळे होतात, खालचे सूर वळसा घालून दोन्हीकडे सारखे पोचतात, तेव्हा बास घट्ट राहतो. मोनोत साध्या एबीपेक्षा बरं वाटतं. प्लायवूडची गोल चकती कापा, दोन्ही बाजूंना जाड फोम किंवा घोंगडीचे तुकडे दोन-तीन थर चिकटवा. नुसतं गुळगुळीत प्लाय ठेवलं तर आवाज त्यावर आपटून माईकमध्ये परत येतो, ते नको. पाणकावळा ताईंचं झाडाचं खोड म्हणजे हेच, फक्त जिवंत.

तीन माईकवालं डेक्का ट्री. डेक्का कंपनीच्या लोकांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ते बसवलं, इंजिनिअर रॉय वॉलेस आणि आर्थर हॅडी. कंडक्टरच्या डोक्याच्या वर, तीनेक मीटर उंचीवर त्रिकोण, डावा-उजवा माईक एकमेकांपासून सुमारे दोन मीटर, तिसरा मधे दीडेक मीटर पुढे. माईक न्यूमनचा एम50, तोही ओम्नी, पण त्यात एक गंमत आहे. छोटा पडदा 40 मिलिमीटरच्या गोळ्यात बसवलेला आहे, त्या गोळ्यामुळे वरच्या सुरांना तो समोर जास्त ऐकतो आणि खालच्या सुरांना सगळीकडून. म्हणून लांबून लावला तरी व्हायोलिन धूसर होत नाहीत. आज बरेच जण साध्या ओम्नीवर प्लास्टिकचा गोळा चढवून तसंच काही मिळवायला बघतात.

पंधरा माणसांच्या नालीसमोर ते झाड कशाला? दोन मीटर रुंद माईक आणि मंडळ चार मीटर रुंद, मग एकेक माईक एकेका खंजिरीच्या डोक्यावर. मधे भोक पडू नये म्हणून तिसरा लागतो तो मोठ्या पसाऱ्यात. तुम्ही 40 सेंटीमीटरवर असाल तर भोक पडतच नाही.

खारपाणपट्टा दादांशी मी अर्धा सहमत. उघड्या मंडपात ओम्नी नको, बरोबर. पण यांचं मंदिर तीन बाजूंनी बंद आहे, आणि खुल्या बाजूचा आवाज नको असेल तर रेकॉर्डिंग रात्री नऊनंतर ठेवा, मंडळाची पाठ मागच्या भिंतीकडे आणि तोंड खुल्या बाजूकडे करा. म्हणजे माईकच्या मागे भिंत येणार नाही, मोकळं राहील, समोरून येऊन परत फिरणारा आवाज कमी.

खारपाणपट्टा

नऊनंतर म्हने. गावातल्या कुत्र्यायले सांगा भाऊ टाइमटेबल. पन एकट्या माईकचा मोनो ट्रॅक, हे मले पटलं.

बांधीवाला

मंग असं ठरवतो, आधी ईएम272 ची जोडी, तलावावर तीच लागन, मंडपातही तीच लावून पाह्यतो, चकती बनवतो घोंगडीची. त्यानं भागलं नाही तं बी-5. फक्त एक सांगा, पूर्ण भजन दोन-अडीच तास चालते, बॅटरी आन कार्ड पुरन का?

वडसा_साउंड

48 किलोहर्ट्झ 24 बिटवर स्टिरिओ तासाले साधारण 1 जीबी होते, म्हून 8 जीबीचं कार्डही बस झालं. बॅटरी फँटम नसलं तं एच5 ची बरी चालते, तरी पॉवर बँक लावून ठेवा, लाइनीचा चार्जर लावू नका, कूलर चालू-बंद झाला का टक्क येते. रेकॉर्डिंग आरतीपर्यंत थांबवू नका, टाळ सगळ्यात जोरात आरतीले वाजतात, गेन त्या हिशोबानं आधीच कमी धरा. आन स्टँडच्या पायावर विटा ठेवा, लेकरं पळतात.